परसात कोंबडी भाजायला शिकताना

पहिल्यांदा भाजली तेव्हा वरून कोळसा आणि हाडाजवळ गुलाबी. अख्खी दीड किलो. आत्यांनी एक तुकडा हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि गप ताटाच्या कडेला ठेवला, बोलल्या काहीच नाहीत, आणि आमच्याकडं त्या बोलल्या नाहीत म्हणजे काय ते घरातल्यांना कळतं. शेवटी सगळे तुकडे कुकरात घालून रस्सा केला. रस्सा मात्र झकास झाला, धुराचा वास लागलेला.

हे मागच्या वर्षीच्या मे महिन्यातलं. पुण्याहून जाऊबाई आणि त्यांची दोन पोरं सुट्टीला आलेली, आमची दोन, शेजारची एक-दोन सतत आमच्यातच, आणि त्यातल्या कुणीतरी मोबाईलवर बार्बेक्यू बघितला. झालं. "काकू आपल्याकडं एवढी मोठी परस आहे, करूया ना" म्हणून डोकं खाल्लं. मी म्हटलं चला. तेव्हापासून या सुट्टीपर्यंत, पावसाळा सोडला तर, जवळपास प्रत्येक रविवारी संध्याकाळी करतोय, आता जमतं, म्हणून लिहितोय. (बाई आहे मी, पण कोल्हापूरची, आम्ही गेलो-आलो-करतोच म्हणतो. पुण्याची जाऊ अजून हसते त्याला.)

आधी भांडं. हॉटेलातली महागडी ग्रिल आणायची काही गरज नाही. घरात पाणी तापवायची जुनी शेगडी असेल तर तिच्यावरच सुरुवात करा, चार माणसांचं होतं. आमची माणसं जास्त म्हणून आमच्या ह्यांनी उद्यमनगरात (आमच्याकडची कारखान्यांची वस्ती) ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून दोनशे लिटरचा ड्रम उभा चिरून त्याचं अर्धं भांडं करून घेतलं, खाली अँगलचे पाय, बुडाला बोटभर भोकं आणि एका बाजूला राख काढायला खिडकी. कोल्हापुरात राहून लोखंडाची वस्तू तयार विकत आणणं हा गुन्हाच आहे तसा. आणि गंमत म्हणजे ते गोल झाकणाचं जगप्रसिद्ध वेबर ग्रिल आहे ना, तेही असंच जन्मलंय, १९५२ साली शिकागोकडं जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, तिथं पाण्यावर तरंगणारे बोये बनवायचे, त्यानं त्या बोयाच्या गोळ्याचे दोन भाग घेतले, एकात कोळसा आणि दुसऱ्याचं झाकण. म्हणजे उद्यमनगरीच डोकं.

ड्रम घेताना एकच बघा, आधी त्यात काय होतं. केमिकलचा, रंगाचा, औषधाचा असला तर फुकट दिला तरी नको. खाद्यतेलाचा घ्या, आणि पहिल्यांदा नुसतीच लाकडं घालून तास-दोन तास दणकून जाळा म्हणजे आतबाहेरचा रंग जळून जातो, त्या दिवशी त्यावर काही खायचं भाजू नका. जाळी गॅल्व्हनाईजची म्हणजे ती चकचकीत जस्त चढवलेली अजिबात नको, जस्त तापलं की त्याचा धूर बाधतो. साध्या लोखंडी सळयांची किंवा स्टीलची करून घ्या. जाळी आणि कोळसा यांत पाच-सहा इंच अंतर पाहिजे, आमच्या पहिल्या प्रयोगात ते दोन इंच होतं, अर्धा घोळ तिथंच होता.

उरलेला अर्धा घोळ घाईचा. त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण सगळं त्यातच आहे.

आपल्याला वाटतं जाळ म्हणजे भाजणं. जाळावर फक्त काजळी बसते. भाजायचं असतं ते इंगळावर, म्हणजे कोळसा पेटून, जाळ सगळा बसून, वरून पांढुरकी राख धरून आतून लाल झाला की मग. आम्ही त्या दिवशी जाळ दिसल्या दिसल्या तुकडे टाकले कारण पोरं "भूक लागली, भूक लागली" करत होती. आत्या लांबून म्हणालेल्या, "अगं थांब की, भाकरी तरी जाळात टाकतीस का तू?" मी ऐकलं नाही. चुलीवर चाळीस वर्षं भाकऱ्या केलेल्या बाईला मी यूट्यूबवरचं सांगत होतो, काय बोलायचं.

कोळसा लाकडी घ्या, वखारीत लोणारी कोळसा मागितला की देतात. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा, टणटण वाजला तर चांगला जळालेला आहे, थपथप वाजला तर ओला किंवा कच्चा, तो धूर करणार आणि ठिणग्या उडवणार. आम्हाला दीड-दोन किलो कोंबडीला साधारण दोन किलो कोळसा लागतो, थोडा जास्तच असू दे. पेटवायला रॉकेल, पेट्रोल, थिनर असलं काही नको, वास शेवटच्या घासापर्यंत जात नाही आणि भडका उडाला तर भुवया जातात ते वेगळंच. आमची पद्धत अशी, पाच लिटरचा तेलाचा पत्र्याचा डबा घ्यायचा, वरचं तोंड पूर्ण कापायचं, बुडाला आणि बुडाजवळ चौफेर खिळ्यानं भरपूर भोकं पाडायची. तीन विटांवर डबा ठेवायचा, खाली नारळाची करवंटी, कापराच्या चार वड्या आणि थोडा कागद, डब्यात कोळसा. खालून पेटवून द्यायचं आणि लांब बसायचं. गरम हवा वर जाते, खालून नवी हवा आपोआप ओढली जाते, पुठ्ठ्यानं वारा घालत डोळे चोळत बसायला लागत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत वरच्या कोळशावर पण राख दिसायला लागते. मग मोठ्या पकडीनं डबा उचलून ड्रममध्ये ओतायचा, हे काम मोठ्या माणसाचं, पायात चप्पल पाहिजे, आणि नायलॉनचा गाऊन किंवा ओढणी घालून तिकडं जायचं नाही म्हणजे नाही.

ओतताना सगळीकडं सारखा पसरायचा नाही! ही दुसरी गोष्ट आम्हाला उशिरा कळली. ड्रमच्या एका बाजूला सगळा ढीग, दुसरी बाजू रिकामी. म्हणजे एका जाळीवर दोन चुली झाल्या, कडक आणि मंद. तुकडा आधी कडक बाजूला दोन्हीकडून रंग येईपर्यंत ठेवायचा, मग मंद बाजूला सरकवून वर झाकण घालून आतून शिजू द्यायचा. झाकण म्हणून आम्ही वाळूसिमेंटचं नवीन घमेलं वापरतो, उलटं घालायचं, अगदी बरोब्बर बसतं. चरबी टिपकून जाळ उठला तरी पाणी मारत बसू नका, राख उडून खाण्यावर बसते, तुकडे नुसते रिकाम्या बाजूला घ्या, जाळ आपोआप बसतो.

ऊब मोजायला हात. जाळीच्या वर वीतभर तळहात धरायचा आणि मोजायचं. दोन-तीनला हात काढावा लागला तर कडक, पाच-सहापर्यंत टिकला तर मध्यम, दहाच्या पुढं गेलात तर कोळसा संपत आलाय, वाढवा. पोरांना हा खेळ लई आवडतो पण त्यांना लांबूनच मोजू द्या.

आता मसाला. इथं आपली कोल्हापुरी माणसं हमखास फसतात, मीही फसलो. आपल्याला वाटतं कांदा-लसूण चटणी भरपूर चोपडली की झालं. उन्हाळ्यात नुकतीच डंकावरून कुटून आणलेली, ताजी, लालभडक, हात आवरतच नाही. पण त्या चटणीत कांदा आहे, लसूण आहे, सुकं खोबरं आहे, तीळ आहेत, हे सगळं इंगळावर पाच मिनिटांत जळतं आणि कडू होतं. आतली कोंबडी कच्चीच. म्हणून चटणी शेवटी.

एक किलो तंगड्यांना (तंगड्याच घ्या, छातीचा भाग जाळीवर वाळून लाकूड होतो) हाडापर्यंत तीन-तीन चिरा द्यायच्या. त्यात दोन छोटे चमचे मीठ, दोन मोठे चमचे आलं-लसूण, एक लिंबू, हळद, रंगाला ब्याडगीची पूड, अर्धी वाटी घट्ट दही आणि दोन चमचे तेल. दही फडक्यात टांगून पाणी काढलेलं पाहिजे नाहीतर सगळं गळून इंगळ विझतो. सकाळी लावून फ्रीजमध्ये ठेवा, संध्याकाळपर्यंत छान मुरतं. बाहेर ओट्यावर ठेवू नका, मे महिन्याच्या उकाड्यात कच्ची कोंबडी तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिली की काही खरं नाही.

भाजायला हाडासकट तंगडीला एकूण पस्तीस-चाळीस मिनिटं धरा, त्यातली सुरुवातीची आठ-दहा कडक बाजूला, दर दोन मिनिटांनी उलटत, बाकी घमेल्याखाली. शेवटच्या पाच मिनिटांत दोन चमचे किसलेला गूळ, एक चमचा कांदा-लसूण चटणी, अर्धं लिंबू आणि चमचाभर तूप कालवून ते वरून फासायचं, एकदा इकडून एकदा तिकडून. गूळ आपला असतोच घरी. तोही आधी लावला की जळतो, शेवटी लावला की चकाकी येते आणि बोटं चाटत बसतात सगळी. फासायला ब्रश नसेल तर कोथिंबिरीच्या जुडीच्या काड्या बांधून घ्या.

शिजली का हे बघायला सांध्याजवळ सुरी खुपसा, पाणी स्वच्छ आलं पाहिजे, लालसर आलं तर परत घमेल्याखाली. जाऊबाईंनी यावेळी पुण्याहून थर्मामीटर आणलाय, टोचायचा, हाडाला न लावता आत ७४ डिग्री दाखवला की झालं. आधी मी हसलो होतो त्याला, आता त्याच्याशिवाय काढत नाही. आणि कच्ची ठेवलेल्या ताटातच भाजलेली परत काढू नका, घाईत सगळ्यांचंच होतं हे, ताट बदला. दहा मिनिटं तशीच झाकून ठेवा मग वाढा.

आत्यांना एकदा प्रश्न पडला की चुलीवरच्या भाकरीला आणि ह्या कोंबडीला तो तसलाच खमंग वास कसा काय. आमच्या थोरल्यानं शोधून सांगितलं, साधारण १४० डिग्रीच्या पुढं प्रथिनं आणि साखर यांचं काहीतरी होऊन तो तांबूस रंग आणि वास येतो, माईयार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं ते पहिल्यांदा १९१२ साली मांडलं. आत्या म्हणाल्या, "म्हणजे आपलं कुस्तीचं खासबाग मैदान झालं त्याच साली." एवढंच म्हणाल्या आणि लसूण सोलायला लागल्या.

मटणाचं विचाराल तर, मटणाच्या दरावरून २०१९ साली आंदोलन केलेलं गाव आहे हे, इथं मटण वाया घालवलं तर माफी नाही. नवशिक्यानं कच्चं मटण थेट जाळीवर घालू नये हे माझं मत, ते चिवट होतं आणि मऊ पडायला लागणारा वेळ इंगळ टिकत नाही. कच्ची पपई लावतात काहीजण, लावा, पण तासाभराच्या वर नको, नाहीतर वरून पीठ आणि आतून चिवट असं काहीतरी होतं. आमची युक्ती सोपी आहे. नेहमीसारखं हळद-मीठ लावून मटण शिजवून घ्यायचं, त्या अळणी, म्हणजे बिनतिखटाच्या, पाण्याचा पांढरा रस्सा होतोच, मग त्यातले मोठे तुकडे बाजूला काढून, कोरडे करून, तेल-मसाला लावून कडक इंगळावर फक्त रंग येईपर्यंत परतायचे. वाटीत पांढरा रस्सा आणि ताटात भाजलेलं मटण. पाहुणे येडे होतात.

खरं सांगू का, मला स्वतःला कोंबडीपेक्षा आजूबाजूचं जास्त आवडतं. इंगळ तयार व्हायला लागतात तेव्हा आणि नंतर उतरतात तेव्हा, दोन्ही वेळा काही ना काही भाजून होतं. आत्या शनिवार-सोमवार पाळतात, शिवाय त्यांना कोंबडीच्या जाळीवरचं चालत नाही म्हणून त्यांची छोटी जाळी वेगळी आणि तिचा पहिला मान. भरताचं वांगं (काट्यानं टोचून ठेवा, नाहीतर फुटतं आणि गर अंगावर येतो), सालासकट कांदा, लसणाचा अख्खा गड्डा, हिरव्या मिरच्या. मिरच्या-लसूण भाजून लगेच खलबत्त्यात मीठ घालून ठेचा, तेलाचे दोन थेंब. रताळी खालच्या राखेत पुरून पाऊण तास विसरून जायची. मंगळवार-गुरुवारचं काही नसेल तर शेवटच्या इंगळावर सुके बोंबील, पण वारं शेजाऱ्यांच्या बाजूला नाही ना हे बघून!

आणि कैरी. हे नक्की करा. दोन-तीन कैऱ्या इंगळात सरळ टाकायच्या, साल काळी पडून चिरली आणि आतून मऊ लागली की काढायच्या, पंधरा-वीस मिनिटं. गार झाल्या की साल सोलून गर कुस्करायचा, त्यात गराच्या दुप्पट गूळ, मीठ, वेलची, आणि गार पाणी. उकडलेल्या कैरीच्या पन्ह्यात तो धुराचा वास येत नाही. पोरं दिवसभर उन्हात फुटबॉल खेळून लाल होऊन आलेली असतात, तांब्यावर तांब्या संपतो.

काजूच्या कच्च्या बिया मात्र ह्या जाळीवर घालू नका. आजऱ्याकडून पाहुण्यांनी पिशवीभर आणल्या, पोरांनी हळूच चार टाकल्या, सालीतलं तेल फुर्रकन पेटलं, धुरानं डोळ्यांची आग. ते तेल कातडीला लागलं तर फोड येतात. बिया भाजायच्या असतील तर वेगळ्या, फुटक्या पत्र्यावर, लांब, आणि माहितगार माणसानं.

पोरांचे नियम आमच्याकडं खडूनं लिहिलेत, ड्रमभोवती चार फरशा सोडून एक गोल काढायचा, त्याच्या आत फक्त मोठी माणसं. फुटबॉल परसात नाही, गल्लीत. (एकदा बॉल आलाच होता, देवाच्या दयेनं ड्रमच्या पायाला लागला.) बाजूला एक बादली पाणी आणि एक घमेलं वाळू भरलेलं पाहिजेच. कामं मात्र सगळ्यांना वाटून द्या, कांदे सोलणं, लिंबं चिरणं, हात धरून मोजणाऱ्याचे आकडे ओरडणं. रिकामं पोर हेच खरं धोक्याचं.

घरात किंवा बंद गॅलरीत कोळशाची शेगडी पेटवायची नाही, आणि विझत आलीय म्हणून ऊब-बिब कशालाही आत आणून ठेवायची नाही, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपेतच माणूस जातं. गच्चीवर करणार असाल तर विटांचा थर घालून त्यावर ठेवा. आणि गच्चीचं अजून एक. आम्ही दुसऱ्या रविवारी वारं चांगलं लागतंय म्हणून गच्चीवर गेलो होतो. त्याच गच्चीच्या दुसऱ्या टोकाला आत्यांच्या कुरडया वाळत होत्या, तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे उठून घातलेल्या, अगदी मोत्यासारख्या. मी पुठ्ठ्यानं वारा घातला आणि सगळी राख उडून तिकडं. पांढऱ्या कुरडयांवर करडे ठिपके, फुंकर मारली तर ओल्या कुरडईत अजून रुतायला लागली. आत्या वर आल्या, चटईच्या कडेला बसल्या आणि एकेक कुरडई उचलून पदरानं पुसायला लागल्या. मी पण शेजारी बसून पुसायला लागलो. अर्ध्या तासानं म्हणाल्या, "तळल्यावर दिसायची नाही ग." तळल्यावर दिसते, मी बघितलीय, पण त्या वर्षी घरात कुणी काही बोललं नाही आणि सगळ्यांनी खाल्ल्या.

तर आधी उन्हाळकाम बघा, पापड-सांडगे-कुरडया उचलून झाल्या की मगच शेगडी, आणि वाऱ्याची दिशा.

वेळ म्हणाल तर सहाला पेटवा, साडेसहाला पहिली जाळी, अंधार पडायच्या आत निम्मं खाऊन झालेलं असतं. फक्त आभाळाकडं लक्ष पाहिजे. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं दुपारभर रटरट उकडलं की संध्याकाळी वळीव येणारच असं समजून चाला. पन्हाळ्याच्या बाजूला काळं दिसलं आणि वारं एकदम पडलं की तुकडे काढून आत घ्या, राहिलेलं तव्यावर होतं. कडकडाट सुरू झाला की लोखंडी ड्रमपाशी हिरोगिरी करायची नाही. एकदा आम्ही छत्री धरून भाजत होतो, छत्री वितळली.

संपल्यावर इंगळ तसेच सोडून झोपायला जायचं नाही. जे मोठे राहिलेत ते चिमट्यानं पत्र्याच्या डब्यात भरून झाकण गच्च लावायचं, हवा मिळाली नाही की विझतात आणि पुढच्या रविवारी तोच कोळसा लवकर पेटतो. राख सकाळपर्यंत आत गरम असते, वरून हात लावून गार वाटते पण नसते. आम्ही एकदा रात्रीच प्लास्टिकच्या कचऱ्याच्या बादलीत टाकली, सकाळी घंटागाडीच्या वेळेला बादलीला बूडच नव्हतं. गार राख आत्या चाळून ठेवतात, बियाणाच्या पावट्यात घालायला, थोडी आळ्यात टाकतात. जाळी गरम असतानाच अर्धा कांदा काट्याला खुपसून, तेलात बुडवून घासून काढा, घासणीनं तासभर घासण्यापेक्षा बरं, आणि तारेच्या ब्रशची तार खाण्यात जायची भीती नाही.

पाऊस लागायच्या आधी ड्रमला आतून तेलाचा हात फिरवून, उलटा करून विटांवर ठेवायचा असतो, नाहीतर एका पावसाळ्यात गंजून जाळी होतो. परवाच्या वळवाच्या भीतीनं ह्यांनी तो लवकरच उलटा करून ठेवला आणि काल बघतो तर त्याखाली मांजरीनं तीन पिल्लं घातलीत. पोरांनी सुतळीनं चौफेर बांधून पाटी लावलीय. त्यामुळं ह्या रविवारी जुन्या शेगडीवर, दोन खेपेत भाजायचं.